केमोच्या २१ दिवसांत घर कसं चालवावं

स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या बाईला "आराम कर" असं सगळेच सांगतात. कोणत्या दिवशी आराम आणि कोणत्या दिवशी काम, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. केमोचा त्रास रोज सारखा नसतो. मळमळ कधी असेल, जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कधी घसरतील, भूक कधी परत येईल याचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला असतो. तो क्रम हाताशी असला की स्वयंपाक, पाहुणे, बाजार, ऑफिस सगळं त्याप्रमाणे मागेपुढे करता येतं.

इथे 'एसी' या नेहमीच्या केमोचा क्रम धरला आहे. यात डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधं दर २१ दिवसांनी, बहुधा चार वेळा देतात. तुमच्या डॉक्टरांनी १४ दिवसांचं अंतर ठेवलं असेल किंवा पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं दुसरं औषध दर आठवड्याला चालू असेल, तर दिवस बदलतील. अशा वेळी "माझ्या पेशी सगळ्यांत कमी कधी होतील?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आधी कॅलेंडरवर खुणा करा

केमोचा दिवस हा पहिला दिवस. तिथून मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन रंगांनी पट्टे ओढा.

१ ते ५: मळमळ आणि थकवा. केमोबरोबर बहुधा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर सकाळी नाश्त्यानंतर घ्या, रात्री घेतली की झोप उडते. दोनदा लिहिली असेल तर दुसरी दुपारी घेता येईल का, ते विचारा. गोळ्या संपल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी अंगातलं बळ एकदम गेल्यासारखं वाटतं. दुखणं वाढलं म्हणून घाबरू नका, पण त्या दिवशी घरी दुसरं माणूस असेल असं बघा.

७ ते १४: पांढऱ्या पेशी कमी. हे दिवस सर्वांत जपायचे. तोंड येण्याचा त्रासही साधारण याच सुमारास होतो.

१५ ते २१: चांगले दिवस. बँक, खरेदी, भेटीगाठी, ऑफिसची महत्त्वाची कामं इथे ठेवा. विसाव्या दिवसाच्या आसपास सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी होते. पेशी पुरेशा भरल्या नसतील तर केमो काही दिवस किंवा आठवडाभर पुढे ढकलतात. उपचार फसले असा त्याचा अर्थ नाही. फक्त पुढच्या खुणा त्याच दिवशी बदलून घ्या, नाहीतर घरातले जुन्या तारखांवर चालत राहतात.

डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं, म्हणून एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. त्यानंतरही लाली राहिली किंवा जळजळ झाली तर कळवा. सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूत्राशयाला इजा होऊ शकते, म्हणून हृदयाच्या किंवा किडनीच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी प्या आणि लघवी तुंबवून ठेवू नका. पहिले ४८ तास शौचालयाचं झाकण लावून दोनदा फ्लश करा. उलटी लागलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. मुलांना जवळ घ्यायला, एका ताटात जेवायला हरकत नाही.

पहिले पाच दिवस: मळमळ आणि फोडणीचा वास

मळमळीची गोळी सांगितलेल्या वेळेला घ्या, पोटात ढवळण्याची वाट बघू नका. एकदा उलट्या सुरू झाल्या की तीच गोळी कमी उपयोगी पडते. ओन्डॅन्सेट्रॉन या मळमळीवरच्या गोळीने मात्र बद्धकोष्ठता होते. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. भिजवलेले अंजीर आणि मनुका साथीला ठेवा. एनिमा स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका.

या दिवसांत गॅससमोर उभं राहू नका. फोडणी, तळण, मासे यांचा वास मळमळ भडकवतो. दुसऱ्या कोणी स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी आणि तुम्ही दूरच्या खोलीत बसावं. गरम अन्नापेक्षा कोमट अन्नाला वास कमी येतो, म्हणून ताट जरा निवू द्या. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खा: मऊ भात-मेतकूट, भाताची पेज, मुगाच्या डाळीची खिचडी, टोस्ट, भाजक्या पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याची वडी. पाणी जेवताना भरपूर न पिता मधल्या वेळेत घोट घोट प्या.

तुमचा सर्वांत आवडता पदार्थ मात्र या दिवसांत करायला सांगू नका. मळमळीत खाल्लेल्या पदार्थाचा तिटकारा बसतो आणि तो पुढे अनेक महिने टिकू शकतो. पुरणपोळी चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवा.

तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी काचेचा पेला आणि लाकडी चमचा वापरा. तोंड आलं नसेल तर आमसूल, लिंबू, आल्याचा तुकडा यांनी चव येते. तोंड आलं असेल तर आंबट-तिखट पूर्ण बंद.

गुळण्यांसाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घाला. दिवसातून पाच-सहा वेळा, विशेषतः जेवणानंतर आणि झोपताना, गुळण्या करा. पाणी रोज नवं करा. बाजारचं झोंबणारं माउथवॉश नको, त्यातल्या अल्कोहोलने तोंड आणखी सोलवटतं. ब्रश लहान मुलांचा, मऊ दातांचा घ्या.

पाण्याचा घोटही २४ तास पोटात ठरत नसेल तर घरगुती उपाय थांबवा आणि रुग्णालयात फोन करा.

सातवा ते चौदावा दिवस: ताप

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि तो घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वाचावा. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. पू धरणं, सूज येणं ही नेहमीची लक्षणंही दिसत नाहीत, कारण ती निर्माण करायला पेशीच नसतात. बऱ्याचदा ताप हीच एक खूण उरते.

१. डिजिटल थर्मामीटर घरात हवाच. तोंडात जिभेखाली लावा, पण गरम चहानंतर २० मिनिटं थांबून. काखेत लावला तर आकडा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो, हे लक्षात ठेवा.

२. १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सियस) किंवा जास्त आला, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सकाळची वाट बघण्यात जीव जाऊ शकतो.

३. पॅरासिटामॉल आधी घेऊ नका. ताप उतरतो, संसर्ग आत वाढत राहतो आणि डॉक्टरांनाही आकडा फसवा दिसतो.

४. गल्लीतल्या दवाखान्यात कमरेवर "तापाचं इंजेक्शन" घेऊ नका. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असल्या तर स्नायूत रक्तस्राव होतो, आणि खरी गरज असते ती शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकची.

५. दारात पोहोचताच पहिलं वाक्य हे म्हणा: "केमो चालू आहे, आज अमुकवा दिवस आहे, ताप आलाय." रांगेत बसू नका. पहिलं अँटिबायोटिक तासाभरात लागायला हवं.

तुम्ही तालुक्याच्या गावी राहत असाल आणि केमो मुंबई-पुण्यात चालू असेल, तर पहिल्या केमोआधीच जवळचं एक रुग्णालय ठरवा. तिथे रात्री डॉक्टर, सीबीसी आणि शिरेतून औषध देण्याची सोय आहे का, ते स्वतः जाऊन विचारून या. एका पिशवीत फाइलची झेरॉक्स, औषधांची नावं, शेवटच्या केमोची तारीख, चार्जर आणि थोडे रोख पैसे कायम भरून ठेवा.

पेशी वाढवणारं इंजेक्शन घरी न्यायला दिलं असेल तर ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. गोठलेलं इंजेक्शन वापरू नका. घेतल्यावर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकू शकतात. त्यावर कोणतं औषध चालेल ते आधीच विचारून लिहून ठेवा.

खाण्याचे नियम याच आठवड्यात कडक. अन्न ताजं आणि पूर्ण शिजलेलं हवं. बाहेरची पाणीपुरी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, बर्फ बंद. कोथिंबीर वरून न भुरभुरवता आमटी उकळताना टाका. केळं, मोसंबी, डाळिंब अशी सालाची फळं धुऊन घरीच सोला. कच्च्या दुधाचं पंचामृत नको. प्रसाद कपाळाला लावून घरातल्या दुसऱ्याच्या हातावर द्या, देवाला ते चालतं. कुंडीतली माती उकरणं आणि जळमटं काढणं दुसऱ्याकडे सोपवा.

भेटायला येणाऱ्यांना "पंधराव्या दिवसानंतर या" असं घरातल्या एकाने सांगावं. हे काम आजारी बाईवर टाकू नये, तिला नाही म्हणणं जड जातं. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने अजिबात येऊ नये, मग तो सख्खा भाऊ असला तरी.

चांगल्या दिवसांत भर घाला

भूक परत आली की प्रथिनांवर लक्ष द्या. वजनाच्या दर किलोला १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला ६० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ७-८, मूठभर शेंगदाण्यात ७. नुसत्या वरण-भाताने हा आकडा गाठत नाही, म्हणून प्रत्येक खाण्यात एक तरी असा पदार्थ बसवा. चतुर्थी, एकादशी, सोमवार हे उपास उपचार संपेपर्यंत सोडा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात.

गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल, "पेशी वाढवणारा" कोणताही रस डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि केमोची बरीच औषधं यकृतातूनच निकामी होतात. भाजीतली हळद खुशाल खा.

थकव्यावर पूर्ण अंथरुणात पडून राहणं हा उपाय नव्हे, त्याने स्नायू गळतात. दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, जमेल तसं तीस मिनिटांपर्यंत न्या. भाजी निवडणं, कणीक मळणं बसून करा.

केस पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. त्याआधीच बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके बघण्याचा त्रास तरी वाचतो. मऊ सुती रुमाल आणि घरी घालायला टोपी आधीच आणून ठेवा.

पुढे पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं की बोटांची टोकं बधिर होतात. तवा गरम आहे हे उशिरा कळतं, बटणं लागत नाहीत. सांडशी आणि कापडी हातमोजे वापरा, घरातही चप्पल घाला आणि प्रत्येक भेटीत बधिरपणा किती वाढला ते सांगा. डोस बदलायची वेळ निघून जाता कामा नये.

ऑपरेशनच्या बाजूचा हात

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येण्याची शक्यता पुढेही राहते. पहिले सहा आठवडे त्या हाताने दोन किलोपेक्षा जड काही उचलू नका. भरलेला कुकर, पाण्याची कळशी, ओल्या चादरींची बादली त्यात आलीच. नंतर वजन हळूहळू वाढवायला हरकत नाही, हात कायमचा बांधून ठेवायचा नाही. रक्त तपासणी आणि बीपी शक्यतो दुसऱ्या हातावर. विळीऐवजी सुरी वापरा, भांड्यांना रबरी हातमोजे, शिवताना अंगुस्तान. चिरलं, भाजलं तर लगेच धुऊन मलम लावा.

नेहमीच्या बांगड्या अचानक घट्ट होऊ लागल्या तर ती सुजेची पहिली खूण समजा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

व्यायामात सर्वांत सोपा म्हणजे भिंतीवर बोटं चढवणं, पण तो ऑपरेशनच्या जागी पाणी काढायला लावलेली नळी काढल्यानंतर आणि सर्जनने होकार दिल्यावरच. भिंतीकडे तोंड करून वीतभर अंतरावर उभ्या राहा, बोटांनी चालत हात वर न्या, ताण जाणवेल तिथे पाच सेकंद थांबा, पेन्सिलने खूण करा, सावकाश खाली आणा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. काखेपासून कोपरापर्यंत दोरीसारखं काही ताणलेलं जाणवलं तर व्यायाम सोडू नका, फिजिओथेरपिस्टना दाखवा. रेडिएशनसाठी हात डोक्यावर धरून झोपावं लागतं, म्हणून खांदा तोवर मोकळा झालेला असायला हवा.

पैसे आणि प्रवास

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं आणि त्यात कॅन्सरचे उपचारही येतात. योजना रोकडरहित आहे, आधी खर्च करून नंतर बिलं दिली तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून उपचार सुरू होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेटा.

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हे राहण्याचे मोठे आधार आहेत. जागेसाठी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात चौकशी करा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाने भरून दिलेला ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट खिडकीवर काढावं लागतं. हा दाखला केमोच्या दिवशीच पुढच्या तारखेसह मागून घ्या, नुसत्या दाखल्यासाठी वेगळी खेप पडत नाही.