क्ले अ‍ॅनिमेशन आणि बाहुल्यांचे प्रदर्शन : हात घालण्यापूर्वीची तयारी

क्ले अ‍ॅनिमेशनला, म्हणजे मातीची बाहुली थोडी थोडी हलवून दर वेळी एक छायाचित्र घेत केलेल्या चित्रपटाला, कॅमेरा, ट्रायपॉड, संगणक आणि मोकळी खोली लागते, हे वेगळे सांगायला नको. त्यापलीकडच्या तयारीत सर्वांत आधी, मध्ये आणि शेवटीही विचार करायचा तो उष्णतेचा, कारण गेल्या प्रदर्शनात तेवढाच राहून गेला आणि दुपारपर्यंत काचेच्या पेटीतल्या पैलवानाची हनुवटी छातीला चिकटली. तेलयुक्त क्लेमध्ये मुख्यतः चुनखडीची पूड, पेट्रोलियम जेली आणि मेणचट आम्ले असतात. ती वाळत नाही, म्हणूनच या कामाला चालते. शाडू वाळून तडकतो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. मात्र न वाळणारी ही माती ऊन, दिवा किंवा बंद गाडी मिळताच मऊ पडते, आणि मऊ पडलेली बाहुली स्वतःचे वजन पेलत नाही.

म्हणून सांगाडा मनापासून करावा. अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी घेऊन तिला पीळ द्यावा आणि छाती, कंबर, मांड्या या न वाकणाऱ्या भागांवर एम-सील चढवावे, म्हणजे हात-पाय सांध्यांतच वाकतील. कोपर आणि गुडघे यांच्या जागी तार वाकवून वाकवून तुटतेच, त्यामुळे एकाच मापाचे दोन सांगाडे सुरुवातीलाच करून ठेवावेत. अर्ध्या प्रसंगात दुसरा करायला बसले की मापे जुळत नाहीत. डोक्याच्या आत चुरगळलेल्या फॉइलचा गोळा घालावा आणि क्लेचा थर शक्य तितका पातळ ठेवावा, कारण वजन जितके कमी तितकी मान उशिरा झुकते. तळपायात एम-सीलने नट बसवून ठेवावा आणि फळीला भोके पाडून खालून स्क्रू आवळावा, नाहीतर बाहुली एका पायावर आली की पडते. रंग मिसळताना पांढरा आणि पिवळा आधी हाताळावा, काळा सर्वांत शेवटी. ओले रुमाल जवळ ठेवावेत.

चित्रीकरणापूर्वी हिशेब करावा. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरून प्रत्येक छायाचित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी एका मिनिटाला ७२० छायाचित्रे लागतात, तेव्हा पहिल्याच खेपेला पाच मिनिटांची कथा लिहिणाऱ्याने ३६०० वेळा वाकायची तयारी ठेवावी. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थोडी थोडी टिपली होती, आणि तेव्हा मागची चौकट लगेच पडद्यावर पाहण्याची सोय नव्हती; आपल्याला ती आहे, तर प्रत्येक हालचालीपूर्वी ती पाहावी. कॅमेऱ्याचे प्रकाश, रंग आणि फोकस यांचे सगळे स्वयंचलित पर्याय बंद करावेत. लेन्सचे छिद्र प्रत्येक वेळी अगदी त्याच मापाला मिटत नाही आणि चित्र लुकलुकते, म्हणून छिद्र हाताने ठरवायची जुनी लेन्स उत्तम. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने शटर १/५० सेकंद किंवा त्याच्या पटीत ठेवावे. खिडक्यांना काळे कापड लावावे आणि स्वतः गडद कपडे घालावेत, कारण पांढऱ्या सदऱ्याचा उजेड बाहुलीवर पडतो.

आता पुन्हा उष्णता. खिडक्या बंद, आणि पंखा लावला तर बाहुलीचे कपडे हलतात म्हणून तोही बंद, अशा खोलीत हॅलोजन लावणे म्हणजे वेडेपणा आहे, एलईडीच वापरावेत. वैशाखात काम पहाटे सुरू करावे. मऊ पडलेली बाहुली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवता येते, पण बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नये. डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर हवेतले बाष्प थेट क्लेवर जमते आणि पुढचे बोट घसरते. मुंबई-कोकणात हे हमखास होते.

चित्रीकरणात बाहुली झिजते, म्हणून प्रदर्शनासाठी दुसरी नव्याने मढवावी. पेटीत कोणते दिवे आहेत आणि सभागृहाची वातानुकूलन यंत्रणा रात्री बंद होते का, हे आयोजकांना लेखी विचारावे. तोंडी ‘काही काळजी नको’ म्हणणाऱ्यांवर विसंबू नये. त्याच क्लेचा एक गोळा काडीवर रोवून, दिवे लावलेल्या पेटीत आदल्या दिवशी पूर्ण दिवस ठेवून पाहावा. तो काडीवरून खाली सरकला, तर दिवे पेटीबाहेर काढायला लावावेत, आणि आयोजक कितीही कुरकुरले तरी ऐकू नये. बाहुल्या गाडीच्या डिकीतून नेऊ नयेत.

उरलेले थोडक्यात. चित्रपट दोन पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तिथल्याच पडद्यावर एकदा चालवून पाहावा. नावांच्या पाट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावाव्यात. मुले हात लावणारच, त्यांच्यासाठी एक बाहुली वेगळी ठेवावी. खिळे, टेप, जादा वायर. उद्घाटनाची समई पेटीपासून लांब.