ड्राय बॅग घेताना दोन पिशव्यांची तुलना कशी करावी

ड्राय बॅग म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायची, सामान कोरडं ठेवणारी पिशवी. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द प्रत्येक पिशवीवर छापलेला असतो, त्यामुळे तुलनेला तो निरुपयोगी. पाणी शिरतं ते बहुधा तोंडातून, शिवणीतून किंवा घासून झिजलेल्या तळातून. तेवढंच बघायचं.

आधी पिशवी उलटी करून शिवण तपासा. वेल्डिंग केलेल्या पिशवीत कापडाचे थर उष्णतेने एकजीव झालेले असतात, सुईचं भोकच नसतं. शिवून आतून टेप लावलेली पिशवी सहसा हलकी, पण टेप सुटली की गळती सुरू. मोठ्या बॅगेच्या आत कपडे ठेवायला ती चालेल. सायकलच्या कॅरिअरवर उघड्यावर बांधायला मी वेल्डिंगचीच घेईन.

मग कापड. डेनिअर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. 30 ते 70 डेनिअरचं नायलॉन आत ठेवायला छान, बाहेर लवकर फाटतं. पीव्हीसी दणकट आणि स्वस्त, पण जड, शिवाय थंडीत ताठरतं. टीपीयूचा (एक लवचीक प्लास्टिक) लेप असलेलं नायलॉन त्याहून हलकं आणि लवचीक, किंमत मात्र जास्त.

आयपीएक्सचा, म्हणजे पाणी किती अडतं हे सांगणाऱ्या मानकाचा, आकडा नीट वाचा. 4 म्हणजे शिंतोडे, 6 म्हणजे जोराचा फवारा, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटं. या वेगवेगळ्या चाचण्या आहेत. 7 मिळालं म्हणून 6 आपोआप मिळत नाही. सायकलवर पाऊस समोरून झोडपतो आणि चाक खालून चिखल उडवतं, म्हणून सायकलस्वाराने 6 शोधावा. नदीत होडीतून जाणाऱ्याने 7 बघावा.

तोंडाला किमान तीन घट्ट वळ्या बसल्या पाहिजेत, मगच बकल. या वळ्यांत जागा जाते, म्हणजे 20 लिटरच्या पिशवीत 20 लिटर सामान मावत नाही. ठासून भरून एकच वळी घालणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. त्यापेक्षा एक माप मोठी घ्या.

आता खरी परीक्षा. दोन्ही पिशव्यांत हवा भरा, तोंड गुंडाळा, बादलीत दाबून धरा. बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. नंतर आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून दोन्ही दहा मिनिटं शॉवरखाली ठेवा.

सायकलसाठी पट्टा ओवायच्या कड्या आहेत का, हेही बघा. नाहीतर पिशवी खड्ड्याखड्ड्याला सरकते आणि घासते. माझी चांगली पिशवी कॅरिअरच्या एका बोल्टवर दोन दिवस घासली, टाचणीएवढं भोक पडलं आणि रात्री स्लीपिंग बॅग ओली निघाली. त्यानंतर कॅरिअर आणि पिशवीच्या मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा बांधल्याशिवाय मी निघत नाही.