ठिबक चालू, पण झाडं तहानलेली

काटोलजवळ (जि. नागपूर) आमची संत्र्याची बाग. एप्रिलमध्ये अंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळं गळू लागली. बाबांचं एकच: बोअर अजून 100 फूट खाली न्या.

त्याआधी झाडाशी थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या एका ड्रिपरखाली डबा ठेवला. तासाला 8 लिटरचा ड्रिपर, अर्ध्या तासात जेमतेम 1 लिटर! लॅटरल (ड्रिपर बसवलेली नळी) कापली तर आत पांढरी खपली. ॲसिडचा थेंब पडताच फसफसली, म्हणजे चुनाच. मग हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यात मिसळून (ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही) व्हेंचुरीतून (पाण्याच्या दाबावर खत-औषध ओढून घेणारं साधन) ठिबकमध्ये सोडलं. शेवटच्या ड्रिपरला सामू (pH) 4 आल्यावर पंप बंद. सकाळी लॅटरलची टोकं उघडली, दुधासारखं पाणी निघालं. आता डब्यात पावणेचार लिटर भरतं. बोअरवाल्याला नको म्हणून कळवलंय. बाबा अजून फुगलेलेच.