गाडीसाठी घरी बनवलेला वॉर्निंग चाइम: या चुका टाळा

1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या नव्या कारमध्ये वेग 80 च्या वर गेला की अधूनमधून बीप, 120 च्या वर सतत बीप, पट्टा नाही लावला तरी बीप. जुन्या मारुती 800 मध्ये यातलं काही नाही. लायटी चालू ठेवून कोणी उतरलं तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. त्यामुळे हौशी माणूस बहुधा पहिला चाइम हाच बनवतो: लाइट चालू असताना दार उघडलं की टिंग-टिंग.

सामान किरकोळ आहे. 555 टायमर (स्वर काढणारी छोटी चिप), छोटा स्पीकर आणि चार रेझिस्टर-कपॅसिटर पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतात. टेबलावर अ‍ॅडॉप्टर लावला की झकास वाजतं. गाडीत बसवलं की नखरे सुरू होतात, आणि मग लोक सर्किट उचकटत बसतात. दोष बहुतेक वेळा सर्किटात नसतो. सप्लाय आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसला जोडलेली गाडीची बॉडी) कुठून घेतला, तिथे असतो.

कायम चालू असलेल्या वायरवरून सप्लाय

पहिली चूक ही. त्यात 555 ऐवजी आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा बोर्ड वापरला असेल तर तो नुसता बसून 50 मिलिअँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला सव्वा अँपिअर-तास. 35 अँपिअर-तासाची बॅटरी दोन आठवडे उभ्या गाडीत अर्धी होते. बॅटरी वाचवायला लावलेला चाइमच बॅटरी पितो.

त्यापेक्षा चाइमच्या बोर्डाचा प्लस पार्किंग लाइटच्या वायरला जोडा आणि मायनस दाराच्या स्विचच्या वायरला. अशा जुन्या गाड्यांत दार उघडलं की स्विच ती वायर बॉडीला टेकवतो आणि रूफ लाइट लागतो. लाइट बंद असेल तर बोर्डाला सप्लायच नाही, आणि दार बंद असेल तर अर्थ नाही. वेगळं लॉजिक लिहायची गरजच उरत नाही.

प्लस हेडलाइटच्या वायरवरून घेऊ नका. बऱ्याच जपानी घडणीच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच मायनस बाजूला असतो. तिथे हिशोब उलटा होतो. वायरच्या रंगावरही विसंबू नका, मल्टीमीटर लावून बघा. आणि गाडीच्या वायरवरून जिथे टॅप (जोड) घेतला तिथेच 1 अँपिअरचा फ्यूज टाका. बोर्डाजवळ टाकलेला फ्यूज मधल्या वायरचं संरक्षण करत नाही.

डायोड विसरणं

दार बंद, लाइट बंद, तरी बारीक किरकिर ऐकू येते? किंवा रूफ लाइटमध्ये एलईडी टाकलेला असून तो रात्रभर मंद उजळतो? हा उलटा करंट आहे. दार बंद असताना स्विचच्या वायरवर रूफ लाइटच्या बल्बातून 12 व्होल्ट येतात. ते तुमच्या बोर्डातून उलटे शिरून पार्किंगच्या बल्बांतून अर्थला जातात. बोर्ड लगेच मरत नाही, म्हणून कारण लक्षात येत नाही. प्लसच्या वायरमध्ये एक 1एन4007 डायोड सिरीजमध्ये टाका, त्याच्यावरची पट्टी बोर्डाच्या बाजूला. तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. विषय संपला.

12 व्होल्ट म्हणजे 12 व्होल्ट समजणं

इंजिन चालू असताना गाडीत 14.4 व्होल्टपर्यंत असतात. स्टार्टर मारला की क्षणभर 7-8 वर घसरू शकतात, आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल सुटलं तर अल्टरनेटर कितीतरी पट मोठा झटका देतो. साधा एनई555 कामाला 16 व्होल्टपर्यंतच चालतो. म्हणून सप्लायला 100 ओहमचा रेझिस्टर, पुढे 15 व्होल्टचा झेनर (जास्तीचं व्होल्टेज अडवणारा डायोड) आणि 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढं तरी हवंच. हा कपॅसिटर 105 डिग्रीवालाच घ्या. डॅशबोर्डखालचा उन्हाळा विदर्भातल्या लोकांना वेगळा सांगायला नको. त्याच कारणाने बोर्ड हॉट ग्लूने चिकटवू नका. मे महिन्यात तो तुमच्या पायावर पडेल.

आवाज चुकीचा

आवाज घोगरा, फाटका येत असेल तर बझर तपासा. ॲक्टिव्ह बझरला फक्त सप्लाय लागतो, स्वर तो स्वतः काढतो. त्याला वर 555 चा स्वर दिला की दोन्ही एकमेकांत अडकतात. 555 वापरायचा तर पॅसिव्ह बझर किंवा स्पीकर हवा. 1 के आणि 10 के ओहमचे रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतले तर साधारण 685 हर्ट्झ येतात. कानाला बरे वाटतात. 8 ओहमचा स्पीकर बीसी547 या छोट्या ट्रान्झिस्टरवर थेट टांगू नका, तो 100 मिलिअँपिअरचा गडी आहे.

कर्कश बझर घरचेच चार दिवसांत उपटून टाकतात, म्हणून स्वरावर थोडा वेळ घालवा. स्पीकरच्या स्टेजला मोठ्या कपॅसिटरमधून करंट दिला की तो रिकामा होताना आवाज विरत जातो, आणि बीपची टिंग होते.

वाजतच नाही, किंवा कधी वाजतं कधी नाही

इथे दाराचा स्विच बघा. खांबावर रबरी टोपीखाली असतो, बहुतेकदा एकच वायर आणि एकच स्क्रू. तो स्क्रू नुसता स्विच धरून ठेवत नाही, अर्थही तोच देतो. कोकणात दोन पावसाळे गेले की त्याच्याखाली तांबूस भुकटी जमते. स्क्रू काढा, पत्रा सँडपेपरने चकचकीत करा, थोडं ग्रीस लावून परत बसवा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मीटर इथे फसवतो. गंजलेल्या जोडातूनही तो 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. 5 वॅटचा बल्ब लावून बघा: बल्ब मंद लागला तर जोड खराब. किंवा चाइम वाजत असताना बोर्डाचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांत मीटर लावा. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ सुधारा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला मात्र बल्बही नको आणि मीटरही नको.

खड्ड्यात गाडी आदळली की आपोआप टिंग होत असेल तर स्विच सैल आहे. आणि वायर दाबून टोचणारे निळे-लाल टॅप वापरले असतील तर ते काढून सोल्डर करा, वर हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). इन्सुलेशन टेपचा गोंद उन्हात वितळून नुसता चिकट लगदा उरतो.

नव्या गाड्यांत, जिथे दाराचा सिग्नल कंट्रोल युनिटकडे जातो, तिथे हे काहीच लावू नका. तसंच स्पीकर केबिनमध्येच ठेवा: बाहेर वेगवेगळ्या सुरांत वाजणारं काही बसवलं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 119 वा नियम आडवा येतो.