माळावरची बी वेचणारी मुंगी: घर कसं शोधायचं आणि नाव कुठपर्यंत ठरवायचं

दसरा उलटला आणि माळव्यातलं गवत पिकून पिवळं पडलं, की बी वेचणाऱ्या मुंग्या बघायचे दिवस येतात. इंदूरहून खंडवा रोडनं सिमरोलच्या बाजूला निघालात की मुरमाड उतार लागतात, अधूनमधून गवताची बीडं, म्हणजे राखलेली कुरणं. शिकवणीची मुलं घेऊन मी तिकडेच जाते, उन्हं चढायच्या आत. मुलांना पहिल्यांदा नाव हवं असतं. "काकू, ही कुठली?" मी त्यांना उलट्या क्रमानं नेते: आधी घर, मग मुंगी, नाव सगळ्यात शेवटी. घर आणि आजूबाजूची जमीन न बघता नुसती मुंगी उचलून आणली तर अर्धी माहिती माळावरच राहते.

सामान थोडंच लागतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग हवंच; सोनार वापरतात तसलं, सराफ्यात मिळतं. शिवाय रंगकामाचा बारीक ब्रश, पांढरी बशी, झाकणाची पारदर्शक डबी, मिलिमीटरची पट्टी आणि वही.

घर शोधताना वारूळ शोधू नका. माळावरची मातीची उंच वारुळं वाळवी बांधते, आणि वाळवी मुंगीच्या कुळातलीच नाही. तिची कंबर जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. आपल्याला हवं असलेलं घर जमिनीखाली असतं, वर दिसतं ते फक्त तोंड. गवतातला उघडा पडलेला तुकडा बघा, मध्ये भोक, भोवती मातीच्या बारीक कणांचं कडं, आणि कड्याच्या बाहेर एका बाजूला टाकलेलं तूस. हे तूसच खरी खूण आहे. बी आत नेऊन सोलायचं आणि टरफल बाहेर आणून टाकायचं, हे काम बी साठवणाऱ्या मुंग्या करतात. तूस चिमटीत घेऊन भिंगाखाली धरा. कुसळी, पवना, मारवेल, हरळी, ज्या गवताचं असेल ते आजूबाजूच्या उभ्या ओंब्यांशी ताडून बघा. त्या घराचा आहार तिथल्या तिथे कळतो.

तोंड सापडलं नाही तर रांग शोधा. जबड्यात बी असलेल्या मुंगीच्या मागे जा, रिकाम्या मुंगीच्या नाही. भरलेली घराकडे चाललेली असते. रांगेवर सावली पाडू नका, पाय तर अजिबात नको.

जमिनीची नोंद मात्र सावकाश करा, हीच बहुतेक जण गाळतात. मुरूम की काळी माती? काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे घर तिथं असेल तर ते भेगेच्या काठावर आहे, बांधावर आहे की सपाटीला, हे लिहाच. उतार कुठल्या दिशेला, पाणी साचतं का, गवत किती उंच, गुरं चरतात का, आधीच्या उन्हाळ्यात गवत जाळल्याच्या खुणा आहेत का, सगळ्यात जवळचं झाड किती पावलांवर. शेजारी दुसरं तोंड असेल तर दोन्हींमधलं अंतरही पावलांनी मोजा. माझ्या बघण्यात मुरमाड, पाणी न साचणाऱ्या उतारावर ही घरं जास्त येतात.

आता मुंगी. ब्रशची टोकं ओली करून एक मुंगी अलगद उचला, डबीत सोडा, डबी बशीवर ठेवा. सगळ्या मुंग्या हायमेनोप्टेरा गणातल्या, फॉर्मिसिडी कुळातल्या. इथपर्यंत विचार करायची गरज नाही. पहिला प्रश्न कमरेचा. छाती आणि पोटाच्या मध्ये गाठ एक आहे की दोन? आपला ओळखीचा मोठा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, एका गाठीचा. तो फॉर्मिसिनी या उपकुळातला, चावून फॉर्मिक ॲसिड सोडतो. बी वेचणारीच्या कमरेला दोन गाठी दिसतात, म्हणजे ती मिरमिसिनी उपकुळातली. या एका निरीक्षणावर मोठा फाटा फुटतो, म्हणून इथे घाई नको. मुंगी बाजूनं दिसेपर्यंत थांबा.

दोन गाठींच्या तीन मुंग्या माळावर भेटण्यासारख्या आहेत. मेरानोप्लस बायकलर सगळ्यात सोपी. अंगावर लांब केस, तांबूस छाती, काळं पोट, छातीवर ढालीसारखं रुंद कवच, मिशीला फक्त नऊ पेरं. हळू चालते, आणि धक्का लागला की अंग मुडपून मेल्यासारखी पडून राहते. मुलं घाबरतात, "मेली का?" थोडं थांबायचं, ती उठून चालू लागते.

उरलेल्या दोन खऱ्या बीवाल्या: फायडोले आणि ट्रायकोमिरमेक्स. दोघींच्या मिशीला बारा पेरं, टोकाची तीन जाड. मग फरक कसा करायचा? एक मुंगी बघून नाही, रांग बघून. फायडोलेच्या घरात कामकरी दोन साच्यांच्या असतात: बारीक, आणि भल्यामोठ्या डोक्याच्या. मधली मापं नसतात. मोठ्या डोक्यात जबड्याचे स्नायू भरलेले असतात, बी फोडायला ते कामी येतात. ट्रायकोमिरमेक्समध्ये लहान, मध्यम, मोठी अशी चढती मापं दिसतात. दुसरी खूण भिंगाखाली: छातीच्या मागच्या टोकाला दोन बारीक काटे असतील तर फायडोले, ट्रायकोमिरमेक्सला काटे नसतात.

जुन्या पुस्तकांतलं नाव जुळलं नाही तर गोंधळू नका. आजची ट्रायकोमिरमेक्स स्कॅब्रिसेप्स मायर या कीटकतज्ज्ञानं १८७९ मध्ये होल्कोमिरमेक्स म्हणून नोंदवली. बिंगहॅमच्या भारतातल्या मुंग्यांवरच्या १९०३ च्या ग्रंथात तेच नाव आहे. पुढे ती मोनोमोरियममध्ये गेली आणि २०१५ मध्ये ट्रायकोमिरमेक्स ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, पुन्हा वेगळी झाली. मुंगी तीच, माळ तोच.

फायडोलेची गोष्ट मला फार जवळची वाटते. ब्रिटिश काळातला लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक कर्नल साइक्स, त्यानं पुण्याच्या पडीक जमिनीवर मुंग्यांनी गवताचं बी बाहेर आणून ढीग लावलेले पाहिले. पावसानं भिजलेलं बी त्या वाळत घालत होत्या. १८३५ मध्ये त्यानं तिला ॲट्टा प्रॉव्हिडेन्स म्हटलं. वेस्टवुड या इंग्रज कीटकतज्ज्ञानं १८३९ मध्ये फायडोले ही प्रजाती उभी केली ती याच मुंगीवर. आज जगात फायडोलेच्या हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्यांच्या नावाचा आधार पुण्याची मुंगी आहे. हे मुलांना सांगताना माझा आवाज अजून भरून येतो.

पण म्हणून सिमरोलला दिसलेल्या प्रत्येक फायडोलेला प्रॉव्हिडेन्स म्हणायचं नाही. जाती वेगळ्या करायला मोठ्या डोक्याच्या कामकरीवरची रेघोटी, काट्यांची लांबी, गाठींचा आकार हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. भिंगावर प्रजातीपर्यंतच थांबा. वहीत "फायडोले, जात ठरलेली नाही" हे लिहिणं पक्कं काम आहे. फोटो मात्र तीन घ्या: बाजूनं कंबर, वरून छाती, समोरून डोकं, आणि शक्य असेल तर लहान-मोठी दोघी पट्टीशेजारी.

एक प्रयोग जरूर करा. रांगेच्या कडेला बोटभर अंतरानं खसखस, राजगिरा आणि बाजरीचे थोडे दाणे ठेवा. कुठला आधी उचलला, एकीनं नेला की दोघींनी, बाजरी ओढत नेताना मोठ्या डोक्याच्या पुढे आल्या का, लिहीत जा. या प्रयोगासाठी, लोक कीडीनगरा म्हणून, म्हणजे मुंग्यांना खाऊ घालण्याचं पुण्य म्हणून, पीठ-साखर घालतात ती घरं टाळा. चांगल्या मनानं घातलेलं असतं ते, पण तिथं रांग पिठाकडे वळलेली असते आणि गवताचा हिशेब लागत नाही.

घर खणू नका. इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यात गेलात तर फक्त बघा आणि फोटो काढा. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथून मुंगीही उचलायची नाही. बाहेरच्या माळावरही डबीतली मुंगी तिच्याच घराच्या तोंडाजवळ सोडा. शेजारच्या घराजवळ सोडली तर तिथल्या तिला परकी म्हणून फाडतात.

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडून गेल्यावर त्याच घराकडे परत जा. ऊन पडलं की साइक्सनं पाहिलं ते तुम्हालाही दिसू शकेल: तोंडाभोवती पसरलेलं ओलं बी. तेव्हा तारीख, वेळ आणि आदल्या दिवशी पाऊस किती झाला ते जुन्याच नोंदीखाली लिहा, नव्या पानावर नको. एका घराची एकच नोंद वाढत गेली पाहिजे.