पोरांना शिवण शिकवताय? मशीन राहू दे, आधी वाकळ शिकवा

सुट्टी लागली की पोरांना कुठल्या ना कुठल्या क्लासला घालायची घाई सुरू होते, हल्ली त्यात शिवण आणि क्विल्टिंग पण आलंय. मग व्हिडिओ बघून एकदम चौकोन कापा, पाव इंच शिलाई सोडा, इस्त्री फिरवा, मशीनवर जोडा असं सुरू करतात आणि सहा-सात वर्षांचं पोर दुसऱ्या दिवशी कंटाळून रंकाळ्यावर भेळ खायला चला म्हणतं. मला विचाराल तर लहान पोरांसाठी आपली वाकळच, म्हणजे जुन्या कापडांची हातानं शिवलेली गोधडीच बेस्ट. माप थोडं चुकलं तरी काही बिघडत नाही, तुकड्यावर तुकडा जरा चढवायचा आणि धावदोरा घालत जायचं. रोटरी कटर (कापड कापायचं फिरत्या गोल पात्याचं हत्यार) नको, इस्त्री नको, म्हणजे धोक्याच्या निम्म्या वस्तू पोरांच्या हाताशी येतच नाहीत. शिवाय जुनं सुती लुगडं धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की सुई आपोआप जाते, आणि बोटाला लागतं ते बहुतेक वेळा जोर लावल्यामुळंच लागतं.

पण एकदम वाकळीवर बसवू नका. तीन-चार वर्षांच्या पोराला सुईच नको. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच, त्यातली जाड पत्रिका घ्या, कडेनं पंचनं भोकं पाडा आणि बुटाची लेस ओवायला द्या. वर-खाली, वर-खाली हे हाताला कळलं की अर्धं शिवण आलं म्हणा. पाच-सहाला मॅटीचं, म्हणजे भरतकामाचं मोकळ्या विणीचं कापड किंवा स्वच्छ धुतलेलं पोत्याचं तरट, आणि लोकरीची बोथट सुई, ती मोठ्या नेढ्याची असते, पोरं स्वतः ओवतात. खरी टोकदार सुई साधारण सात-आठला, तेही पोराचा स्वभाव बघून. एका जागी दहा मिनिटं बसवत नसेल तर वय काही का असेना, थांबा.

सुई घेताना एक लक्षात ठेवा, हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दुकानदार चांगली म्हणून बारीक सुई देईल, ती नको, पोरांच्या बोटात धरवत नाही आणि वाकते. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात जाड, मोठ्या नेढ्याची मागा. दोरा अँकरचा चालतो, त्याच्या लडीत सहा पदर असतात त्यातले तीन वेगळे काढायचे. दोरा पोराच्या स्वतःच्या हाताएवढाच लांब, जास्त नाही. लांब दोरा गुंततो हे तर आहेच, पण खरी भीती अशी की दोरा ओढताना हात लांब जातो आणि सुई शेजारी बसलेल्याच्या डोळ्याशी येते. म्हणून दोन पोरं असतील तर मध्ये हातभर अंतर ठेवा.

आता सुयांचे नियम. मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. चार काढल्या तर चार परत डबीत आल्याशिवाय कुणी उठायचं नाही. सुई हातात घेऊन चालायचं नाही, पाणी प्यायला पण नाही, आधी पिनकुशनला टोचायची मग उठायचं. चटई किंवा गालिच्यावर शिवायला बसू नका, पडलेली सुई सापडत नाही, साध्या फरशीवर बसा. हरवलीच तर जुन्या स्पीकरचा मोठा चुंबक फरशीवरनं फिरवा. बारकी चकचकीत चुंबकं मात्र लहान पोरं असलेल्या घरात आणूच नका, दोन गिळली तर आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनपर्यंत जातं. घरात रांगतं बाळ असेल तर बटणांचं पण तेच, उंचावर ठेवा.

सगळ्यात अवघड नियम मोठ्यांसाठी आहे, सुई-टाचणी ओठात धरायची नाही आणि दोरा दातानं तोडायचा नाही. आपण करतो ते बघूनच पोरं करतात. हे आज्जीला सांगायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा!

आणि आपल्याकडं पावसाळ्यात सुया गंजतात. गंजलेली सुई कापडात अडकते, पोर रेटतं आणि ती सटकन पलीकडच्या बोटात घुसते. त्यामुळं जून-जुलैत सुई आधी स्वतः दोन टाके घालून बघा, अडकली तर कागदात गुंडाळून, वर चिकटपट्टी मारून टाकून द्या.

कात्री छोटी, गोल टोकाची पण धारेची घ्या. बोथट कात्रीनं कापड चावल्यासारखं होतं आणि पोर दोन्ही हातांनी जोर लावतं. दुसऱ्याला देताना पाती आपल्या मुठीत, कडी समोरच्याकडं. पोर डावखुरं असेल तर डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, ती आणा.

आता वाकळ. पहिली बाहुलीसाठीच करा, एक फूट बाय दीड फूट पुष्कळ झाली. खाली लुगड्याचा एक पदर, आत जुन्या धोतराचा एक, वर तुकडे, बस्स. मोठ्या वाकळीसारखे चार-पाच पदर घातले तर पोरांची सुई जात नाही. तुकडे सुतीच हवेत. गल्लीतल्या टेलरकडनं मागितले की पिशवीभर देतो, पण त्यातलं जॉर्जेट, साटीन आणि जीन्स बाजूला काढा, पहिली दोन घसरतात आणि तिसऱ्यात सुई मोडते. नवं कापड घ्यायचंच तर इचलकरंजीचं साधं सुती पॉपलीन घ्या, फक्त धुऊन खळ काढा.

तुकडे कुठं लावायचे ते पोराला ठरवू द्या, रंग जुळत नाहीत म्हणून तोंड घालू नका. थर टाचण्यांनी जोडू नका, तुम्हीच मोठे मोठे कच्चे टाके मारून द्या, मागनं उसवता येतात. मग शाळेतल्या खडूनं कडेपासून बोटभर अंतरावर रेघा मारा, कडेनं फिरत फिरत आत मध्याकडं जायचं, मोठ्या वाकळीला बायका तशाच जातात.

पोराला पाटासमोर बसवा आणि वाकळ पाटावर ठेवून शिवायला सांगा. मांडीवर घेतली की हमखास फ्रॉकसकट शिवलं जातं. सुरुवातीला चार टाके एकदम सुईवर घ्यायला लावू नका. सुई खाली घाला, दोरा पूर्ण ओढा, मग वर काढा. वर काढताना खालचा हात कुठं आहे ते आधी बघायचं, सुईचं टोक कापडाला खालनं टेकवून वर टोक उठलेलं दिसलं की मगच ढकलायचं. हे एवढं जमलं की टोचणं पुष्कळ कमी होतं. टाका जोंधळ्याएवढा आला तरी चालेल, वाकडा आला तर उसवू नका. अंगुस्तान पोरांच्या बोटात सैल होतं, मधल्या बोटाला कापडी चिकटपट्टी गुंडाळली तरी काम होतं. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं, त्याच्या पुढं लक्ष उडतं आणि मगच टोचतं.

टोचलंच तर साबण-पाण्यानं धुवा, दाबून धरा, विषय संपला. पाच-सहा वर्षांचा आणि दहा वर्षांचा धनुर्वाताचा डोस झालाय का ते लसीकरणाच्या कार्डावर बघून ठेवा. सुई मोडून टोक आत राहिलं तर घरात उकरत बसू नका, दवाखान्यात जा. गिळल्याचा नुसता संशय आला तरी केळी चारू नका, उलटी काढायला लावू नका, लगेच दवाखाना, एक्स-रेत सुई दिसते.

मशीन नऊ-दहाच्या पुढं, आणि पहिलं मशीन हँडलचंच. हँडल तुम्ही फिरवा, पोर दोन्ही हातांनी कापड सरकवेल, बोटं सुईपासून दोन बोटं लांब. आधी दोरा न ओवता वहीच्या कागदावर छापील रेघेवरनं चालवू द्या, त्यासाठी जुनी सुई लावा कारण कागदानं धार जाते. इथं नंबर उलटा असतो हं, मशीनच्या सुईचा नंबर मोठा तितकी सुई जाड. टाचणीवरनं मशीन चालवायचं नाही, सुई मोडून तुकडा डोळ्याकडं उडतो. मोटरचं असेल तर पायडलखाली स्पंजचा तुकडा ठेवा म्हणजे पूर्ण दाबलं जात नाही, आणि दोरा ओवताना, सुई बदलताना, तुम्ही चहा ठेवायला उठताना, दरवेळी प्लग काढायचा.