सर्जरीचा थिसिस करताय? या चुका टाळा

सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, द्यायची घाई असते, आणि थिसिस बिघडतो तो तिथेच. शेवटच्या वर्षी मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता, समोर ठेवून रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणारा डॉक्टर) विचारतो, ‘सर, आता काय करू?’ तेव्हा दुरुस्त करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं, आणि मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात महागात पडतो तो फॉलोअप, म्हणजे ऑपरेशननंतर रुग्णावर ठेवायचं लक्ष. ऑपरेशनच्या जखमेत जंतुसंसर्ग किती जणांना होतो, हा आपल्याकडे नेहमीचा विषय. व्याख्येप्रमाणे ऑपरेशनपासून ३० दिवस मोजायचे असतात. हर्नियासारख्या काही ऑपरेशनांत खोल संसर्गासाठी ९०. एका चार्टमध्ये मी रांगेनं ‘संसर्ग नाही’ वाचलं. केस पेपर काढले, तर बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवशीच सुट्टी झालेली. त्यातल्या एक आजी पंधराव्या दिवशी ओपीडीत आल्या होत्या. टाक्यांवर जुन्या लुगड्याचं फडकं, पुवानं ओलं झालेलं. त्यांची नोंद ड्रेसिंगच्या वहीत होती, चार्टमध्ये नव्हती.

म्हणून सुट्टी देतानाच दोन फोन नंबर घ्या, एक घरचा आणि एक शेजाऱ्याचा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेला माणूस टाके दाखवायला परत येईल, या भरवशावर राहू नका. १४व्या आणि ३०व्या दिवशी फोन करा, प्रश्न आधीच ठरवून ठेवा: जखमेतून पाणी किंवा पू आला का, ताप आला का, गावातल्या डॉक्टरांकडे ड्रेसिंग करून घेतलं का? फोन लागलाच नाही तर ‘माहिती नाही’ लिहा. ‘माहिती नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे.

दुसरी चूक सॅम्पल साइझची, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे याची. ४पीक्यू भागिले एलचा वर्ग हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण एल म्हणजे काय हे लिहिलेलं नसतं. पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, आणि एल म्हणजे उत्तरात चालणारी चूक. प्रमाण १० टक्के आणि एल ५ टक्के धरला, तर १४४ रुग्ण लागतात. तोच एल ‘प्रमाणाच्या २० टक्के’, म्हणजे २ धरला की ९००! शिवाय हे सूत्र एकाच गटातलं प्रमाण काढण्यासाठी आहे. दोन गटांची तुलना करायची तर सूत्र वेगळं.

एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या रुग्णाआधी हवी, मागाहून नाही. क्लिनिकल ट्रायल (रुग्णांवर उपचार करून पाहणारा अभ्यास) असेल तर सीटीआरआय, म्हणजे अशा ट्रायलच्या भारतातल्या नोंदवहीतली, नोंदणीही आधीच. १ एप्रिल २०१८ पासून ती मागाहून होत नाही. संमतिपत्रात ‘यादृच्छिक’ लिहू नका. ‘कोणता उपचार मिळेल ते चिठ्ठी उचलल्यासारखं ठरेल’ असं लिहा, माणसाला कळतं.

आणि एक्सेलमधल्या तारखा. अमेरिकन सेटिंग असलेल्या कॉम्प्युटरवर ०९/०५ हे ९ मेचं ऑपरेशन ५ सप्टेंबरला जातं, आणि ०२/०६, म्हणजे २ जूनला आलेला पू, ६ फेब्रुवारीला. महिना अक्षरांत लिहा. चार्ट पुरा झाला की संसर्गाच्या तारखेतून ऑपरेशनची तारीख वजा करून बघा. उणे आकडा किंवा ३० दिवसांपेक्षा मोठा आकडा आला, तर ती ओळ केस पेपरशी ताडून घ्या.